एलन की : घ्यावी कशी, वापरावी कशी

शिरवणे गाव आणि शिरवण्याची एमआयडीसी यांच्या मधून शीव-पनवेल महामार्ग जातो. अलीकडे जुने गावठाण, त्याला खेटून उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्या आणि जुईनगर स्थानक. पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. तिथल्या शेडमध्ये प्लॅस्टिकचा मोल्ड मशीनवर चढवणाऱ्या फिटरच्या हाताशी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली, सहा कडांची एक पोलादी चावी असते. हीच चावी गेल्या काही वर्षांत महामार्ग ओलांडून घराघरांत आली आहे. पलंग, अभ्यासाचे टेबल, मुलांची सायकल, दादीची व्हीलचेअर, असे काहीही खोक्यातून आले की तळाशी प्लॅस्टिकच्या पुडीत ती सापडते. डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला, म्हणजे जुईनगरहून ठाण्याच्या लोकलने पुढच्याच स्थानकावर, आयकियाचे मोठे दुकान उघडले. सुटे फर्निचर आणून घरीच जोडायची पद्धत तेव्हापासून या भागात आणखी ओळखीची झाली.

हिचे नाव एलन की. बाजारात कोणी एलन चावी म्हणते, कोणी अनब्राको की म्हणते, तर कित्येक दुकानदार बिलावर सरळ ‘एल एन की’ असे लिहितात. जणू एल आणि एन ही दोन वेगळी अक्षरे आहेत! यातले कोणतेही नाव घेतले तरी काउंटरवर वस्तू तीच मिळते.

एवढ्याशा चावीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. शिरवण्यासारख्या ठिकाणी भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने याचा विचार करून पाहावा. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. करार वाढला नाही की बिऱ्हाड हलते, आणि बिऱ्हाडाबरोबर पलंग उघडला जातो, नव्या घरी पुन्हा जोडला जातो. खोक्यातली चावी एकदा जोडणी करण्यापुरती ठीक असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तिच्या कडा झिजलेल्या असतात, ती बोल्टच्या खाचेत गरगर फिरते आणि बोल्टची सहा कोनी खाच गोल करून टाकते. मग तो बोल्ट ना पूर्ण आवळला जात, ना काढता येत. पलंग तर उभा राहतो, पण एक कोपरा कायमचा सैल. त्यावर मुले झोपतात, आणि दुमजली पलंग असेल तर एक मूल वर आणि एक खाली झोपते. बोल्ट अर्धवट आवळलेला आहे हे चादर घातल्यावर कुणालाच दिसत नाही. काहीशे रुपयांचा चाव्यांचा चांगला संच घरात असणे आम्हाला महत्त्वाचे वाटते ते या कारणासाठी. सुताराला बोलावण्याचे पैसे वाचतात, ते वेगळेच.

सहा कोनांची खाच आली कुठून

या चावीचा जन्मच मुळी सुरक्षिततेच्या प्रश्नातून झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरच्या पुलींवरून पट्ट्यांनी खालची यंत्रे चालत. पुली शाफ्टवर धरून ठेवायला चौकोनी डोक्याचे स्क्रू असत, आणि ती डोकी बाहेर डोकावत. फिरत्या शाफ्टजवळ गेलेल्या कामगाराची बाही किंवा सदऱ्याचे टोक त्यात अडकले की माणूसच ओढला जाई. अशा अपघातांत हात गेले, जीवही गेले. डोके नसलेला, पुलीच्या आत पूर्ण बुडणारा स्क्रू हवा होता. पण आत बुडालेल्या स्क्रूला जोर द्यायचा कसा? अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातील विल्यम अ‍ॅलन यांनी स्क्रूमध्ये सहा कोनी खाच दाबून पाडण्याची रीत काढली आणि १९१० मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्यांच्या कंपनीने हा माल ‘सेफ्टी सेट स्क्रू’ म्हणूनच विकला.

जर्मनीत हीच चावी इन्बुस म्हणून ओळखली जाते. नॉईस शहरातल्या बाउअर उंड शाउर्टे या कंपनीने १९३६ मध्ये आपला बोल्ट आणला, त्यातून हे नाव पडले. इटलीत एजिदिओ ब्रूगोला या उद्योजकावरून लोक तिला ब्रूगोला म्हणतात. आपल्याकडचे अनब्राको हे नाव अमेरिकन बोल्टच्या छापाचे. तो छाप आता लुधियानाच्या दीपक फास्टनर्स या भारतीय कंपनीकडे आहे.

सहाच कोन का, याचे उत्तर अडचणीच्या जागेत काम करताना मिळते. चावी एक-षष्ठांश वळसा फिरवली, काढली, की पुन्हा लगेच बसते. पलंगाच्या आतल्या कोपऱ्यात हाताला एवढीच जागा असते. कोन याहून वाढवले तर प्रत्येक कोनाची पकड कमी होते.

नंबर ओळखणे

घरात सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

चावीचा नंबर म्हणजे तिच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. बोल्टचा नंबर वेगळा असतो. एम६ बोल्ट म्हणजे आट्यांची बाहेरची जाडी ६ मिमी. पण एम६ बोल्टला ६ची चावी लागत नाही. उंच गोल डोक्याच्या एम६ला ५ची लागते, बसक्या घुमटासारख्या डोक्याच्या एम६ला ४ची, आणि डोके नसलेल्या एम६ ग्रब स्क्रूला ३ची. उंच डोक्याच्या बोल्टचा हिशेब लक्षात ठेवायचा तर एम४ला ३, एम५ला ४, एम६ला ५, एम८ला ६ आणि एम१०ला ८. फर्निचरमध्ये बहुतेक वेळा ४ आणि ५ लागतात. बाथरूमच्या एका दांड्याच्या मिक्सर नळात दांड्याखाली एक इवलासा ग्रब स्क्रू दडलेला असतो, त्याला बऱ्याचदा २.५ किंवा ३ची चावी लागते. नळाचा दांडा डुगडुगतो म्हणून प्लंबरला बोलावण्याआधी तो स्क्रू शोधून पाहावा. त्यावर निळी-लाल टिकली चिकटवलेली असते, ती नखाने निघते.

दुसरा घोटाळा इंचाचा. बाजारात इंचाच्या मापाचे संचही असतात आणि दिसायला अगदी सारखे दिसतात. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी, ती ४ मिमीच्या खाचेत चालून जाते. मात्र ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, ती ५ मिमीच्या खाचेत जाते, बसल्यासारखी वाटते आणि जोर दिला की सटकते. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण बोल्टची खाच तेवढ्यात संपते. आपल्याकडचे घरगुती सामान जवळजवळ सगळे मिलिमीटरचे असते. तेव्हा घरासाठी मिमीचाच संच घ्यावा. इंचाची चावी त्या डब्यात ठेवूच नये, कारण घाईच्या वेळी हाताला नेमकी तीच लागते.

तिसरी गोष्ट ताऱ्याच्या आकाराची. खाचेत सहा पाकळ्यांचा तारा दिसला तर तो टॉर्क्स स्क्रू. त्याला एलन की घालून फिरवू नये. गिअरच्या सायकलींच्या डिस्क ब्रेकवर हे स्क्रू असतात.

दुकानात काय पाहावे

संच घेताना १.५, २, २.५, ३, ४, ५, ६, ८ आणि १० अशा नऊ चाव्या असलेला घ्यावा. घराला एवढा पुरतो. तीस-तीस तुकड्यांचे चमकदार संच स्वस्तात दिसतात, पण त्यातल्या निम्म्या चाव्या इंचाच्या असतात आणि उरलेल्यांचे पोलाद मऊ. एक ४ची आणि एक ५ची अव्वल चावी असणे हे तसल्या तीस तुकड्यांपेक्षा कधीही बरे.

पोलाद चांगले आहे की नाही हे दुकानात उभे राहून नेमके कळत नाही, तरी काही खुणा आहेत. चावीचे टोक बघा. ते सरळ, सपाट कापलेले असावे. कडेला धातूचा खरखरीत काठ राहिलेला नसावा. सहाही कोन बोटाला टोचतील इतके स्पष्ट असावेत. चावीवर नंबर आणि छाप कोरलेला असावा, नुसता प्लॅस्टिकच्या होल्डरवर नको. वळणाजवळ तडा किंवा सुरकुती नको. क्रोम व्हॅनेडियम किंवा एस२ पोलाद असे लिहिलेले असते; दोन्ही चांगली. लिहिणारा खरे लिहितो का, हा प्रश्न उरतोच, म्हणून ओळखीचा छाप घेणे शहाणपणाचे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत टपारियाचा कारखाना आहे. १९६९ पासून, सुरुवातीला स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने, तिथे हातांची अवजारे बनतात. त्यांचा नऊ चाव्यांचा काळा संच साध्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो.

घरात कोणी आयटीआयला जात असेल तर त्याला व्हर्नियर घेऊन दुकानात यायला सांगा. ५ नंबरची चावी ५ मिमीहून मोठी असता कामा नये, आणि ४.९५ मिमीच्या खालीही फारशी नको. स्वस्तातल्या चावीचे माप इथेच उघडे पडते. व्हर्नियर नसेल तर दुकानातलाच एक नवा बोल्ट मागून घ्यावा, चावी त्यात पूर्ण बसवून हलवून पाहावी. किंचित हलली तर चालेल, खुळखुळता कामा नये.

काळी चावी घ्यावी की चकचकीत? आमचे मत काळीच्या बाजूचे आहे. क्रोमचा मुलामा गंजापासून वाचवतो खरा, पण हलक्या मालावर तो पापुद्रे धरून निघतो आणि त्याचे कण खाचेत अडकतात. काळ्या चावीला खाडीकाठच्या दमट हवेत गंज लवकर चढतो, ही तिची उणीव मान्य. त्यावर उपाय सोपा आहे: शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पुसून ठेवावी.

गोल टोकाच्या चाव्याही असतात; त्यांना बॉल एंड म्हणतात. लांब टोकाला लहानशी गोटी असते, त्यामुळे चावी साधारण २५ अंश तिरकी धरूनही बोल्ट फिरतो. कपाटाच्या आतल्या बाजूला ही सोय फार उपयोगी पडते. पण गोटीच्या मागची मान बारीक असते. सैल बोल्ट भराभर फिरवायला गोटी, आणि पहिला झटका व शेवटचा आवळा द्यायला सपाट टोक, असा नेम ठेवावा. शेवटचा आवळा गोटीने दिला की ती खाचेतच तुटून राहते.

मोठी खरेदी असेल किंवा घरातला मुलगा फिटरच्या कामाला लागत असेल तर हार्बर लाइनने थेट मस्जिद स्थानकावर उतरावे. नागदेवी स्ट्रीटवर अवजारांची ओळीने दुकाने आहेत, सुटी चावीही मिळते. चोर बाजारात जुनी परदेशी अवजारे दिसतात. हातोडा किंवा पाना तिथून घ्यायला हरकत नाही. एलन की मात्र जुनी घेऊ नये, कारण तिचा सगळा जीव तिच्या कडांमध्ये असतो.

हातात घेतल्यावर

आधी खाच साफ करा. रंग, लाकडाचा भुसा, धूळ तिथे साठते, आणि चावी तळापर्यंत न जाता अर्ध्यावरच थांबते. अर्ध्या बसलेल्या चावीचा सगळा भार खाचेच्या वरच्या काठावर येतो. जाड सुईने किंवा दात कोरण्याच्या काडीने कचरा काढा, मग चावी घालून तिच्या डोक्यावर हलके ठोका. ती तळाला टेकली की हाताला कळते.

चावीला दोन हात असतात. आखूड हात खाचेत घातला तर लांब हात धरायला मिळतो आणि जोर वाढतो. लांब हात खाचेत घातला तर आखूड टोक बोटांनी भराभर फिरवता येते. सोडवताना आखूड हात आत, मग लांब. आवळताना आधी लांब, शेवटी आखूड. कारखान्यातले फिटर हे न सांगता करतात.

चावीची लांबीही सहज ठरलेली नाही. बारीक चावी आखूड आणि जाड चावी लांब असते, ती त्या मापाच्या बोल्टला माणसाच्या हाताचा जितका जोर सोसेल तितकाच मिळावा म्हणून. चावीची जाडी दुप्पट झाली की पीळ सोसण्याची तिची ताकद आठपट होते. म्हणून २ची चावी काडीसारखी पिळवटते आणि ४ची टिकते. लांब हातावर पाइप चढवून जोर वाढवला तर हा हिशेब मोडतो. कारखान्यातल्या काळ्या बोल्टच्या डोक्यावर १२.९ असे कोरलेले असते. त्यातला १२ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,२०० न्यूटन ताण सोसणारे पोलाद. तिथे मऊ चावी घातली तर चावी हरते. घरच्या फर्निचरचे बोल्ट बहुधा बरेच मऊ असतात, म्हणून घरी बोल्ट हरतो. पाइप घालायचा मोह झाला की समजावे, नंबर चुकला आहे किंवा बोल्ट गंजला आहे.

पलंग जोडताना पहिला बोल्ट लगेच करकचून आवळू नये. सगळे बोल्ट आधी हाताने, निदान चार-पाच आटे आत जातील इतके फिरवावेत. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके धरले आहेत. तसेच चावीने रेटले तर आतल्या नटाचे आटे जातात. चारही कोपरे लागले, पलंग सपाट जमिनीवर उभा राहिला, की समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. लाकडी भुशाच्या बोर्डात बोल्टचे डोके बोर्डात रुतू लागले की थांबावे.

पुढचे काम बहुतेक घरांत राहून जाते. दोन-तीन आठवड्यांनी तेच बोल्ट पुन्हा तपासावेत. लाकूड आणि बोर्ड दबतात, मुले उड्या मारतात, बोल्ट सैल होतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि हिवाळ्यात आकसते, म्हणून पाऊस संपल्यावर एकदा पुन्हा. ईदच्या आधी घराची झाडझूड होते आणि गाद्या उचललेल्याच असतात, त्या वेळी दहा मिनिटांत सगळा पलंग होतो. दुमजली पलंग असेल तर शिडी आणि वरचा कठडा यांचे बोल्ट आधी पाहावेत. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये, ही सूचना सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात असते; घर लहान आहे म्हणून ती मोडू नका.

हे काम घरातल्या पुरुषाची वाट पाहत ठेवण्याचे काहीच कारण नाही. यात ताकद फार लागत नाही, लागते ती योग्य नंबरची चावी. दहा-बारा वर्षांच्या मुला-मुलींना सोबत बसवले तर ती नंबर आपल्यापेक्षा लवकर पाठ करतात.

सायकलीबद्दल थोडेसे. गिअरच्या सायकलीच्या हँडलवर बोल्टजवळ ५ एनएम असा आकडा अनेकदा छापलेला असतो. १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे ५ किलो वजन टांगले तर जितका पीळ बसेल, तितका तो आवळा. मोठ्या माणसाने सगळी ताकद लावली तर तो सहज ओलांडला जातो. समोरच्या झाकणाचे चार बोल्ट असतील तर तिरके-तिरके, थोडे थोडे आवळावेत. पेडल काढायचे असेल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. ईदीच्या पैशांतून आलेली सायकल दुकानदाराने घाईघाईत जोडून दिलेली असते. पोरगा ती रस्त्यावर नेण्याआधी हँडल आणि सीटचा बोल्ट घरी एकदा पाहावा. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवून बघितले तरी कळते.

व्हीलचेअरचे पाय ठेवायचे पट्टे आणि हात टेकायचे दांडे यांनाही पुष्कळदा ४ किंवा ५ची चावी लागते. म्हातारे माणूस उठताना सगळा भार त्या दांड्यावर टाकते. महिन्यातून एकदा हात फिरवून बघावे.

खाच गोल झालीच तर

बोल्ट गंजला असेल तर आधी गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबावे. त्यानंतर चावी पूर्ण बसवून हिसका न देता सावकाश जोर द्यावा. खाच नुकतीच गोल होऊ लागली असेल तर नवी, धारदार कडांची चावी अनेकदा धरते. जुन्या चावीने प्रयत्न करत राहिलात तर उरलेली पकडही जाते. त्यानेही जमले नाही तर खाचेपेक्षा किंचित मोठा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवतात आणि फिरवतात. बोल्ट निघतो, पण तो परत वापरायचा नाही. बोल्टचे डोके बाहेर असेल तर हॅक्सॉने त्यावर एक चीर पाडून मोठ्या पेचकसने काढता येतो. रबराचा तुकडा मध्ये ठेवून चावी फिरवण्याची युक्ती लोक सांगतात. हलक्या बोल्टला ती लागू पडते, गंजलेल्याला नाही. काम करताना डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि मुलांना दूर बसवा.

काढलेला बोल्ट खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जावे. एम६ची लांबी डोक्याखालून मोजतात, आणि तसा बोल्ट थोडक्या पैशांत सुटा मिळतो. दोन जास्तीचे घ्यावेत.

चाव्या डब्यात विखुरलेल्या राहू देऊ नयेत. ४ची हरवली की संच निरुपयोगीच. होल्डर मोडला असेल तर जाड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात नंबराप्रमाणे खोवल्या तरी चालते. लांब हातावर रंगीत टेप गुंडाळून नंबर लिहिला तर आजी-आजोबांनाही चष्म्याशिवाय सापडते. पलंग उघडताना सगळे बोल्ट एका पिशवीत भरून, जी चावी लागली तीही त्याच पिशवीत टाकून, पिशवी पलंगाच्या फळीला आतून चिकटपट्टीने घट्ट बांधावी. टेम्पो नव्या घराच्या दाराशी उभा राहतो तेव्हा बहुधा रात्र झालेली असते आणि मुले पेंगुळलेली असतात.